व्हर्नाचा अँब्रोज

ब्रॅनिगन गावात बायकांना केस कापून घ्यायचे असोत, सेट करून घ्यायचे असोत किंवा नुसतंच कुणाचं काय चाललंय ते ऐकायचं असो, व्हर्ना हुडिमाच्या दुकानाची पायरी चढावीच लागे. दुकान म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. दोन खुर्च्या, एक बेसिन, डोक्यावर टोपासारखे उतरणारे दोन ड्रायर आणि खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या. ड्रायरखाली बसलेल्या बाईला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ती ओरडून बोलते. आणि मग जे नवऱ्यालाही सांगायचं नसतं ते सगळ्या दुकानाला कळतं. व्हर्ना स्वतः मोजकंच बोलायची. तोंडात पिना धरून काम करायची सवय असल्यामुळे तिला ते सोपंही जायचं.

इतरांच्या दुकानात मासिकं असतात, व्हर्नाकडे इनिड मॅकरेच्या कादंबऱ्या असत. वाफेनं फुगलेल्या, पानापानांवर शॅम्पूचे थेंब पडलेल्या सहा कादंबऱ्या. इनिड याच गावची, धान्याच्या कोठारावरच्या एजंटची मुलगी. ती टोरांटोला गेली, लिहू लागली आणि बघता बघता देशभर तिचं नाव झालं. तिच्या सगळ्या पुस्तकांत टॅनर्स लँडिंग नावाचं नदीकाठचं गाव असे. ते म्हणजे ब्रॅनिगनच, हे ब्रॅनिगनमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यातली माणसं लोकांना आपल्या शेजाऱ्यांइतकी ओळखीची झाली होती. मिसेस टिबेट नावाची एक विधवा होती. तिनं आपल्या कोंबड्यांना मेलेल्या नवऱ्याच्या बहिणींची नावं दिली होती आणि दर रविवारी त्यातली एक ती जेवायला करी. बायका तिच्यावर हसून हसून लोळायच्या.

पण जीव होता तो अँब्रोज पिकेटवर. अँब्रोज नदीवरचा नावाडी. तारेच्या दोरावर ओढत न्यायची सपाट नाव तो चालवायचा. कच्चा कांदा सफरचंदासारखा चावून खायचा, थंडीत एकावर एक दोन टोप्या घालायचा, आणि कुणी काहीही विचारलं तरी आधी म्हणायचा, ‘बघू या, नदी काय म्हणते.’ त्याचा नेम एकच. पलीकडच्या काठावर कुणी उभं असेल तर तो परत जाणार. पाऊस असो, बर्फाचे तुकडे वाहत येत असोत, जेवणाचं ताट समोर आलेलं असो, तो टोपी उचलून निघायचा. घरी त्याची बायको लिना आणि लहानगी मुलगी वाट बघायची, आणि तो यायचाच. सहाही पुस्तकांत एकदाही असं झालं नाही की तो आला नाही.

“माझा हर्मन बघ,” ग्लॅडिस फ्रीसन ड्रायरखालून ओरडायची, “मला न्यायला गाडी घेऊन ये म्हटलं तर दोन तास सहकारी दुकानाच्या दारात ताटकळत ठेवतो. आणि हा बाबा बर्फातून परत जातो!”

“मग कर ना त्याच्याशी लग्न,” दुसरी कुणी म्हणायची.

“करीन गं, पण कांद्याचा वास कोण सहन करणार!”

व्हर्ना पिना दातांत धरून हसायची. अँब्रोज तिचा होता, हे त्या खोलीत तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

व्हर्ना लहान असताना तिचे वडील, ती त्यांना तातो म्हणायची, रेल्वेच्या रुळांवर काम करायचे. मोठे, हसरे, कांदा कच्चा खाणारे. एका वसंतात ते पश्चिमेकडे लाकूडतोडीच्या कॅम्पवर गेले. शरदात येतो म्हणाले. आई म्हणाली, “स्टेशनवर यायचं नाही, शाळा बुडवायची नाही.” व्हर्ना शाळेच्या मागच्या कुंपणातून निसटली आणि धावत स्टेशनवर पोचली, तेव्हा गाडी सुटायच्या बेतात होती. खिडकीत तातो दिसले. तिनं हाक मारली. त्यांनी पाहिलं. नक्की पाहिलं, कारण त्यांची नजर तिच्या नजरेला येऊन टेकली. आणि मग त्यांनी तोंड फिरवलं, शेजारच्या माणसाला काहीतरी म्हणाले, आणि त्या माणसानं खिशातून काडेपेटी काढून त्यांना दिली. तातो विडी ओढत नसत, पाइप ओढत नसत, काहीच नाही. गाडी हलली तरी ती काडेपेटी हातात धरून ते पलीकडेच बघत राहिले.

त्यानंतर काही महिने पैसे आले, एका नाताळला कार्ड आलं, मग काहीच नाही. आई हॉटेलच्या चादरी धुवायला लागली. ती शेजाऱ्यांना सांगायची, “काम जास्त आहे, येतील.” व्हर्नाला ठाऊक होतं की ते येणार नाहीत. पण तिनं आईला स्टेशनचं कधी सांगितलं नाही. सांगितलं फक्त इनिडला, कारागानाच्या झुडपांच्या कुंपणाआड बसून, दोघी त्याच्या शेंगांच्या पिपाण्या करत होत्या तेव्हा. इनिडनं छातीवर बोटानं फुली काढली आणि म्हणाली, “मेले तरी सांगणार नाही.”

त्या उन्हाळ्यात दोघी नदीवर जाऊन बसायच्या. खरा नावाडी एक तिरसट म्हातारा होता, पोरींना हाकलायचा. “ह्याच्या जागी दुसरा कुणी असता तर?” व्हर्ना एकदा म्हणाली, आणि तिथून सुरू झालं. त्याला दोन टोप्या असत्या. त्यानं कच्चा कांदा खाल्ला असता. पलीकडे कुणी राहिलं असतं तर तो परत गेला असता. इनिडनं टोमणे मारणारी एक म्हातारी काढली, कोंबड्यांवाली. मग कित्येक हिवाळे दोघींनी ते गाव चालवलं. इनिड नेहमी म्हणायची, “तुझा अँब्रोज फार गुणी आहे गं, त्याला एकदा तरी चूक करू दे.” व्हर्ना म्हणायची, “चूक करेल, पण परत येईल.”

पुढे इनिडचं पहिलं पुस्तक छापायला गेलं तेव्हा तिनं टोरांटोहून फोन केला.

“व्हर्ना, तुझा अँब्रोज घेतलाय मी. चालेल ना?”

“चालेल काय विचारतेस! त्याला नीट जेवायला घाल म्हणजे झालं.”

व्हर्नाला मनापासून आनंद झाला होता. तोवर तिचं स्टॅनशी लग्न झालं होतं, दुकान सुरू झालं होतं, आई गेली होती. अँब्रोज एकट्या तिच्या डोक्यात राहिला असता तर तिच्याबरोबरच संपला असता. आता तो कुठल्या कुठल्या घरांत जाऊन पोचणार होता. रेडिओवर कुणी विचारलं की इनिड सांगायची, “एक दिवस तो नदीवरून चालत माझ्याकडे आला.” स्टॅनच्या शर्टाला इस्त्री करता करता व्हर्ना ते ऐकायची आणि तिला जरासुद्धा टोचायचं नाही. उलट बरंच वाटायचं. तो कुठून आला हे खरं सांगायचं म्हटलं असतं तर स्टेशनपर्यंत जावं लागलं असतं, आणि ते तिनं स्टॅनलाही सांगितलेलं नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की सासरे कॅम्पवर गेले आणि तिकडेच वारले असावेत.

गावानं तर अँब्रोजला डोक्यावरच घेतलं. दर जुलैत त्याच्या नावाचा उत्सव भरू लागला. प्लायवूडची नाव करायची, तिच्यावर गावचा दंतवैद्य दोन टोप्या घालून उभा राहायचा, आणि ती नाव मुख्य रस्त्यावरून ओढून नेणारा ट्रॅक्टर चालवायचा तो स्टॅन. इनिड दरवर्षी यायची, सभागृहात वाचन करायची. त्याआधी व्हर्नाकडे केस सेट करून घ्यायची. हेही वर्षानुवर्षं ठरलेलं.

सातवं पुस्तक आलं ते एका मे महिन्यात. इनिडनं सही करून एक प्रत पाठवली होती, पण लग्नसराईची घाई होती, व्हर्नाला ते पाकीट फोडायलाही सवड झाली नव्हती. ग्लॅडिसनं ग्रंथालयातून आणून आधी वाचलं. ड्रायरखाली बसून ती वाचत होती, आणि अचानक एवढ्या मोठ्यानं ओरडली की व्हर्नाच्या हातातली कात्री थबकली.

“मेला, पळून गेला की गं!”

“कोण?”

“अँब्रोज! बायकोला, पोरीला टाकून! नाव पलीकडच्या काठाला बांधली नि चालता झाला!”

“काहीतरी काय,” व्हर्ना म्हणाली. “परत येईल. पुढं वाच.”

“पुढं काय कपाळ वाचू, संपलं पुस्तक!” ग्लॅडिसनं ड्रायर वर ढकलला. तिचे डोळे लाल झाले होते. “सगळे पुरुष तसलेच. मला वाटलं होतं, हा एक तरी…”

दुपारी दुकान रिकामं झालं तेव्हा व्हर्नानं दाराला कडी लावली, पाकीट फोडलं आणि ड्रायरच्या खुर्चीत बसून शेवटचं प्रकरण वाचलं. शरद ऋतू होता. नदीच्या कडा गोठू लागल्या होत्या. वर्षाची शेवटची फेरी. अँब्रोजनं एका परक्या माणसाला पलीकडे सोडलं, आणि नाव वळवायच्या ऐवजी खुंटाला बांधली. अलीकडच्या काठावर त्याची मुलगी आली. तिनं हाक मारली. अँब्रोजनं पाहिलं. त्याची नजर तिच्या नजरेला येऊन टेकली. मग त्यानं तोंड फिरवलं आणि त्या परक्याला म्हणाला, “काडी आहे का हो?” परक्यानं काडेपेटी दिली. सहा पुस्तकांत कधी धूर न काढलेला अँब्रोज ती काडेपेटी हातात धरून चालत गेला, आणि पुस्तक संपलं.

व्हर्नानं ते पान पुन्हा वाचलं. तिला वाटलं, आपले कपडे कुणीतरी भर बाजारात काढून घेतले. उठून तिनं बेसिनचा नळ सोडला आणि पाणी नुसतंच वाहू दिलं. दाराशी तिनं वेळ दिलेली बाई येऊन दोनदा टकटक करून गेली.

पुढचे आठवडे वाईट गेले. वर्तमानपत्रांत पुस्तकाची तोंड फाटेस्तोवर स्तुती होत होती. आजवर गोड गोड लिहिणाऱ्या बाईनं शेवटी खरा माणूस लिहिला, असं एकानं म्हटलं. सगळ्यांनाच ती काडेपेटी भावली होती. एकानं तर लिहिलं की असा तपशील सुचायला प्रतिभाच लागते. स्टॅन नाश्त्याच्या टेबलावर ते मोठ्यानं वाचून दाखवत होता.

“प्रतिभा म्हणे!” तो कौतुकानं म्हणाला. “आपल्या इनिडचं काही खरं नाही हं. काय गं, ऐकतेस ना?”

“अंडं गार होतंय तुझं,” व्हर्ना म्हणाली.

“तुला आवडलं नाही का?”

“नाही.”

“पुस्तकच आहे ते. एवढं काय मनावर घ्यायचं!”

तिनं त्याचा कप पुन्हा भरला. काय बोलणार? एक शब्द सांगितला तर सगळंच सांगावं लागणार होतं.

जुलैत इनिड आली. नेहमीसारखी दुपारच्या वाचनाआधी, सकाळी, हातात सास्कटून नावाच्या रानबेरींची पेस्ट्री घेऊन. वय झालं तरी अंगावर रेशमी ब्लाउज, चालण्यात तोच तोरा. पेस्ट्री टेबलावर ठेवून ती खुर्चीत बसली आणि मान बेसिनवर टाकली.

“हात लाव बाई तुझा,” ती डोळे मिटून म्हणाली. “टोरांटोत एवढे पैसे घेतात आणि डोकं नुसतं खाजवून सोडतात.”

व्हर्नानं तिचं डोकं धुतलं, टॉवेलनं टिपलं, तिला आरशासमोर बसवलं आणि रोलर लावायला घेतले. एक बाजू झाली. इनिड गप्पा मारत होती, प्रवासाच्या, प्रकाशकाच्या, गुडघ्याच्या. मग आरशातून बघत म्हणाली, “पुस्तकाबद्दल काही बोलली नाहीस तू.”

“ती काडेपेटी,” व्हर्ना म्हणाली. तिच्या तोंडात त्या दिवशी पिना नव्हत्या.

इनिड जरा थांबली. “मला वाटलंच होतं, तुझ्या लक्षात येईल.”

“लक्षात येईल? इनिड, ते माझं होतं.”

“अगं, नाव कुठंय तुझं त्यात? कुणाला कळणार आहे? मला तर वाटलं होतं तू खूश होशील. शेवटी खरं लिहिलं मी. इतकी वर्षं आपण दोघी त्याला साखरेत घोळत होतो.”

“खरं काय ते मला माहीत होतं,” व्हर्ना म्हणाली. “स्टेशनवरच कळलं होतं. ते नको होतं म्हणून तर अँब्रोज केला मी. तू त्यालाच गाडीत बसवलंस.”

“नाटक करू नकोस. माणूस आहे तो कागदावरचा.”

“मग कुणालाही पळवायचं होतंस. पाद्र्याला पळव, दुकानदाराला पळव. अँब्रोजच का?”

इनिडचा चेहरा बदलला. आरशात व्हर्नाला तो स्पष्ट दिसला. लहानपणी खेळात हरली की व्हायचा तसा.

“का सांगू? मला येणारं प्रत्येक पत्र अँब्रोजबद्दल. प्रत्येक सभेत पहिला प्रश्न अँब्रोज. मी त्या पुस्तकांत शंभर माणसं लिहिली, व्हर्ना, रक्त आटवून लिहिली. माझी मिसेस टिबेट, तिला लोक हसतात आणि विसरतात. मरेपर्यंत मी तुझ्या नावाड्याची चाकरी करत राहायची? तू कांदा दिलास नि दोन टोप्या दिल्यास. वाक्यं मी दिली त्याला. तो माझा होता, मला वाटेल ते करीन.”

खोलीत ड्रायर बंद होते, त्यामुळे सगळं फार शांत होतं. रस्त्यावर उत्सवासाठी पताका लावत होते त्या माणसांचा आवाज येत होता.

“तू शपथ घेतली होतीस,” व्हर्ना म्हणाली.

“आठ-नऊ वर्षांच्या होतो आपण!”

“मी पण होते तेवढीच.”

व्हर्नानं हात वर केला आणि लावलेले रोलर एकेक करून काढले. घाई केली नाही, एक केससुद्धा ओढला नाही. सगळे काढून झाल्यावर तिनं ते ट्रेमध्ये ठेवले, इनिडच्या खांद्यावरचा कापडी झगा सोडला आणि म्हणाली, “ऊठ.”

“म्हणजे? अगं, दोन वाजता वाचन आहे माझं. ओले आहेत केस!”

“वाळतील. ऊन आहे बाहेर.”

इनिडनं तिच्याकडे बघितलं, बहुधा ती हसेल म्हणून वाट बघितली. मग पर्स घेतली आणि निघून गेली. व्हर्नानं ओला टॉवेल दोरीवर टाकला. ती खुर्चीत बसली. पेस्ट्री टेबलावर तशीच होती.

वाचनाला जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण स्टॅन न्यायला आला, आणि न जायचं कारण द्यायचं तर पुन्हा तीच अडचण. सभागृह खच्चून भरलं होतं. मागच्या रांगेत दोघांना जागा मिळाली. इनिड व्यासपीठावर आली ती डोक्याला निळा रुमाल बांधून. लोक कुजबुजले. तिनं माइक ओढला, रुमालाला हात लावला आणि म्हणाली:

“माफ करा, आज मी अशी आले आहे. आज सकाळी माझ्या सगळ्यात जुन्या मैत्रिणीकडे केस करायला गेले होते. तुम्ही सगळे तिला ओळखता. अँब्रोज पळून गेला म्हणून तिला माझा इतका राग आला, इतका राग आला, की अर्धे केस झाल्यावर तिनं मला ओल्या डोक्यानं रस्त्यावर काढलं!”

सभागृह हसून कोसळलं. “शाब्बास व्हर्ना!” कुणीतरी ओरडलं. “बरं केलंस!” म्हणून ग्लॅडिस उभी राहून टाळ्या वाजवू लागली. माना वळल्या, लोक तिच्याकडे बघून प्रेमानं हसत होते. इनिड व्यासपीठावरून म्हणत होती, “लेखकाला यापेक्षा मोठं बक्षीस कुठलं?” आणि शेजारी बसलेला स्टॅन मांडीवर थाप मारून हसत होता.

“खरंच हाकललंस?” त्यानं तिच्या कानाशी विचारलं. “तू पण ना!”

व्हर्नानं त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यात क्वचितच तिनं कुणाला काही ठामपणे ऐकवलं असेल, आणि ते दुपार सरायच्या आत गमतीचा किस्सा होऊन गेलं होतं. ती उठली आणि बाहेर जाऊन स्टॅनच्या ट्रकमध्ये बसली.

स्टॅन थोड्या वेळानं आला. अजून हसतच होता. चावी लावली, तिच्या तोंडाकडे बघितलं, चावी परत बंद केली.

“काय झालं?”

तिनं सांगितलं. काच खाली होती, बाहेर गहू हिरवागार उभा होता, आणि ती समोर बघून सांगत राहिली. शाळेचं कुंपण, गाडी, हाक, काडेपेटी. तिचं संपल्यावर स्टॅन स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.

“हे तिला माहीत होतं,” शेवटी तो म्हणाला.

“हो.”

“आणि मला नाही.”

“स्टॅन…”

“नाही, मी भांडत नाहीये. आपण लग्न करून इतकी वर्षं झाली. तुझे वडील वारले असं समजून मी तुझ्या आईच्या थडग्यावर दोघांच्या नावानं फुलं ठेवतो, व्हर्ना. दर वर्षी. तू शेजारी उभी असतेस.”

इनिडनं आपल्याला दगा दिला एवढंच व्हर्ना त्या दिवशी मनात घेऊन बसली होती. आपण जे एका मैत्रिणीकडे ठेवायला दिलं ते आपल्याच माणसापासून लपवलं, हे तिच्या ध्यानात आलं ते त्याचा पडलेला चेहरा बघून. दोघं घरी आली. रात्री जेवणात स्टॅननं कांदा, अँब्रोजचा म्हणून, बाजूला काढून ठेवला, आणि आपण काय केलं हे लक्षात येऊन तो पुन्हा ताटात घेतला. व्हर्नाला त्याही परिस्थितीत हसू आलं, मग रडू आलं. त्यांच्यातलं ते हळूहळू निवळलं, पण त्याला हिवाळा संपावा लागला.

गावात मात्र किस्सा टिकला. खुर्चीत बसणारी प्रत्येक बाई म्हणायची, “व्हर्ना, मी काही लिहिलं नाही हं, मला वाळवून पाठव!” शहरातून आलेले पर्यटक दुकानाचे फोटो काढायचे. व्हर्ना मान डोलवायची. रागावली असती तर आणखी मोठा किस्सा झाला असता.

पुढच्या जुलैत उत्सवाची मंडळी ट्रॅक्टर विचारायला आली. स्टॅननं सांगितलं की ट्रॅक्टर बिघडलाय. तो ट्रॅक्टर त्याच सकाळी गवत कापून आला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. “काय बिघडलंय?” दंतवैद्यानं विचारलं. “ट्रॅक्टर,” स्टॅन म्हणाला आणि दार लावून घेतलं. मिरवणुकीच्या दिवशी दोघं बादल्या घेऊन ओढ्याकाठी बेरी तोडायला गेली. व्हर्नानं त्याला काही म्हटलं नाही. त्याच्या बादलीतल्या बेरींमधली पानं निवडून देत राहिली.

इनिड त्या वर्षी आली नाही, तिचा गुडघा बदलायचा होता. नाताळला ती फोन करायची, तो स्टॅन उचलायचा आणि “ती दुकानात आहे” म्हणायचा, दुकान दहा पावलांवर असलं तरी. आणखी दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग एका मार्चमध्ये दुपारी फोन वाजला तेव्हा स्टॅन बाहेर बर्फ लोटत होता, आणि व्हर्ना कोबीच्या पानांत भात भरत होती. ओल्या हातानंच तिनं फोन घेतला.

“ठेवू नकोस,” इनिड म्हणाली. आवाज फार बारीक झाला होता. “मला बरं नाहीये, व्हर्ना. बरं व्हायचंही नाहीये. ऐकतेस?”

“ऐकतेय.”

“लोक अजून लिहितात. अँब्रोजला परत आणा म्हणतात. माझ्याकडे थोडा वेळ आहे अजून. छोटंसं पुस्तक होईल. वसंत येतो, बर्फ फुटतं, नाव अलीकडे येते. पोरगी काठावर असते. मी लिहू शकते ते. चांगलं लिहीन.” ती श्वास घ्यायला थांबली. “तू म्हण, म्हणजे आणते परत.”

व्हर्ना फोन धरून उभी राहिली. खिडकीतून स्टॅन दिसत होता. एक क्षण तिला ते सगळं दिसलं, नाव, दोन टोप्या, काठावरची पोरगी. हो म्हणायला जीभ उचललीही होती.

“नको,” ती म्हणाली.

“का? सूड घेतेस?”

“नाही गं. तो परत यायचा, कारण तो तसा होता. आता येईल तो तू पाठवलास म्हणून येईल. त्या पोरीला ते कळेल.”

मग इनिड म्हणाली, “आईच्यान सांगते, मला वाटलं नव्हतं की तुला इतकं लागेल.”

“वाटलं होतं,” व्हर्ना म्हणाली. “तुला माहीत होतं. तुला एकटीलाच माहीत होतं.”

तिनं हळूच फोन खाली ठेवला. इनिड मे महिन्यात गेली. टोरांटोलाच पुरलं तिला. गावात प्रार्थना झाली, व्हर्ना गेली, ग्लॅडिसच्या शेजारी बसली आणि बाकीच्यांसारखीच गायलीसुद्धा. टोरांटोच्या वर्तमानपत्रातून एका मुलीचा फोन आला, ओल्या केसांची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायची आहे म्हणून. व्हर्ना म्हणाली की तिला ती नीट आठवत नाही.

सातही पुस्तकं अजून तिच्या दुकानात आहेत. सातवं तिनं काढून टाकलं नाही. बायकांनी विचारलं असतं. नव्या सुना, नव्या मास्तरणी ड्रायरखाली बसून ते वाचतात आणि काडेपेटीच्या पानाशी आल्या की वर बघतात. व्हर्नाला ते न बघताच कळतं. ती त्या वेळी मागच्या खोलीत टॉवेल आणायला जाते आणि थोडा जास्त वेळ तिथे थांबते.